संदर्भ छायाचित्रावरून चित्ररचना

संदर्भ छायाचित्रावरून चित्ररचना म्हणजे एखाद्या छायाचित्राचा माहितीसाठी आधार घेऊन, चित्रातील आकार, अवकाश, छायाप्रकाश व रंग यांची मांडणी प्रत्यक्ष रंगकामास आरंभ करण्यापूर्वी ठरवण्याची प्रक्रिया होय. निसर्गचित्र, व्यक्तिचित्र, प्रसंगचित्र, पुस्तकांतील सजावटीची चित्रे आणि चित्रपटांचे रंगवलेले फलक अशा अनेक प्रकारांत ही पद्धत वापरली जाते. छायाचित्राची हुबेहूब नक्कल करणे आणि छायाचित्रावरून चित्र रचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात चौकट, प्रकाश आणि तपशील यांविषयीचे निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेले असतात. दुसऱ्या प्रकारात ते निर्णय चित्रकार नव्याने घेतो. छायाचित्र माहिती पुरवते, रचना पुरवत नाही, हे या पद्धतीचे मूलतत्त्व मानले जाते.

संज्ञा

चित्राच्या चौकटीत निरनिराळे घटक परस्परांशी कोणत्या नात्याने मांडले आहेत, त्या मांडणीस ‘चित्ररचना’ किंवा ‘चित्रसंयोजन’ म्हणतात. चित्र रंगवताना माहितीसाठी समोर ठेवलेल्या छायाचित्रास ‘संदर्भ छायाचित्र’ म्हणतात. रंगाच्या उजळपणास वा गडदपणास ‘छायामूल्य’, तर सपाट पृष्ठावर खोलीचा भास निर्माण करण्याच्या शास्त्रास ‘यथार्थदर्शन’ अशी संज्ञा आहे.

भारतीय परंपरेत वात्स्यायनाच्या कामसूत्रावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. या षडंगांच्या भाषेत बोलायचे झाल्यास छायाचित्रातून प्रामुख्याने प्रमाण व सादृश्य ही दोन अंगे उपलब्ध होतात. भाव, लावण्ययोजन आणि रंगांची योजना ही अंगे चित्रकाराला स्वतः सिद्ध करावी लागतात.

इतिहास

छायाचित्रणापूर्वीची साधने

दृश्याला यांत्रिक साहाय्याने चौकटीत बसवण्याचा प्रयत्न छायाचित्रणाहून पुष्कळ जुना आहे. इटलीतील लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मधील चित्रकलेवरील ग्रंथात चित्रकार आणि दृश्य यांच्यामध्ये धाग्यांच्या चौकटी असलेला पातळ पडदा लावण्याची युक्ती सांगितली आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने अशा चौकडीच्या साधनांचे आकृतींसह विवरण केले. एका छिद्रातून वा भिंगातून आलेले दृश्य अंधाऱ्या पेटीतील पडद्यावर उमटवणारे ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ हे साधनही चित्रकारांच्या परिचयाचे होते.

युरोप व अमेरिका

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर याच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत चित्रकार छायाचित्रे संदर्भासाठी वापरू लागले. फ्रेंच चित्रकार यूजेन देलाक्रवा याने छायाचित्रांवरून मानवी देहाचा अभ्यास केला. एडगार देगा स्वतः छायाचित्रे काढत असे. त्याच्या चित्रांत आकृती कडेला तुटलेल्या दिसतात, त्या रचनेचे नाते छायाचित्रांच्या चौकटीशी जोडले जाते. अमेरिकन चित्रकार टॉमस ईकिन्स याने काही चित्रांसाठी छायाचित्रांतील आकृती कॅनव्हासवर उतरवून घेतल्या होत्या, असे त्या चित्रांच्या नंतर झालेल्या तपासणीत आढळले. विसाव्या शतकात नॉर्मन रॉकवेल हा चित्रकार प्रसंगचित्रांसाठी माणसांना हव्या त्या आविर्भावात उभे करून छायाचित्रे काढवून घेई आणि अनेक छायाचित्रांतून एक चित्र रचत असे. १९६० नंतर अमेरिकेत छायावास्तववाद हा प्रवाह उदयास आला. त्यात छायाचित्राचे छायाचित्रपण हाच चित्राचा विषय झाला. चक क्लोज याने १९६७-६८ मध्ये स्वतःच्या छायाचित्रावर चौकडी आखून भव्य आत्मचित्र रंगवले.

महाराष्ट्र

१८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. अशा रीतीने पाश्चात्त्य वास्तववादी चित्रकलेचे शिक्षण आणि छायाचित्रण ही दोन्ही मुंबईत जवळपास एकाच काळात रुजली. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) हे चित्रांसाठी छायाचित्रांचाही आधार घेत. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. तो पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला. या छापखान्यातून निघालेल्या चित्रांमुळे वास्तववादी शैलीतील देवदेवतांच्या प्रतिमा घरोघरी पोहोचल्या.

छायाचित्रावरून रचना करण्याची महाराष्ट्रातील सर्वांत मोठी अनौपचारिक शाळा म्हणजे चित्रपटांचे रंगवलेले फलक होत. फलक रंगवणाऱ्या कलाकारांच्या हाती चित्रपटातील प्रसंगांची व नटनट्यांची लहान छायाचित्रे येत. त्यांवर चौकडी आखून ते चेहरे कित्येक पटींनी मोठे केले जात. नायकाचा चेहरा एका छायाचित्रातून, नायिकेचा दुसऱ्यातून आणि मारामारीचा प्रसंग तिसऱ्यातून घेतला जाई. कोणता चेहरा किती मोठा, कोण पुढे, कोण मागे आणि अक्षरांना जागा कोठे, हे सर्व कलाकार ठरवत असे. मूळ छायाचित्रे बहुधा कृष्णधवल असत. त्यामुळे चेहऱ्यावरचे हिरवे, निळे, तांबडे फटकारे ही कलाकाराचीच योजना असे. पंढरपूर येथे १९१५ मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत असे फलक रंगवले होते.

छायाचित्र आणि डोळा यांतील भेद

संदर्भ छायाचित्र वापरताना त्याच्या मर्यादा जाणून घेणे आवश्यक असते. कॅमेरा आणि मानवी दृष्टी यांत पुढील महत्त्वाचे भेद आहेत.

एक डोळा आणि दोन डोळे: कॅमेरा एकाच बिंदूतून पाहतो. दोन डोळ्यांमुळे जवळची व दूरची वस्तू सहज वेगळी कळते. छायाचित्रात मात्र ती एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसणे, हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. प्रत्यक्ष पाहताना तो खांब जाणवतही नाही.

भिंगाचा परिणाम: मोबाइलचे मुख्य भिंग सामान्यतः रुंद कोनाचे असते. त्यामुळे जवळची वस्तू प्रमाणाबाहेर मोठी व दूरची वस्तू लहान उमटते. चेहरा अगदी जवळून टिपल्यास नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. उंच वास्तू खालून टिपल्यास तिच्या उभ्या रेषा वरच्या दिशेने एकमेकींकडे झुकतात. सावनेर परिसरातील अदासा येथील टेकडीवरील गणपती मंदिरासारख्या स्थळाचे पायथ्याकडून घेतलेले छायाचित्र जसेच्या तसे उतरवल्यास देऊळ मागे कलल्याचा भास होतो. पाहणारा मनुष्य मात्र देऊळ सरळ उभे असल्याचेच अनुभवतो. अशा वेळी उभ्या रेषा सरळ करून घेणे, हा चित्रकाराचा पहिला निर्णय असतो.

प्रकाशाची मर्यादा: डोळा उजेडाकडून सावलीकडे वळताच स्वतःला जुळवून घेतो; म्हणून दोन्हींतील तपशील त्याला दिसतात. कॅमेऱ्याच्या एका टिपणात सावली काळी पडते किंवा उजेड पांढराफटक होतो. अलीकडचे मोबाइल अनेक टिपणे आपोआप एकत्र करून ही उणीव भरून काढतात. परंतु त्यामुळे सावल्या अवास्तव उजळतात आणि चित्राला आवश्यक असलेला गडद-उजळाचा विरोध क्षीण होतो.

सर्व तपशील समान: मनुष्य पाहताना निवड करतो. ज्यावर लक्ष असते ते स्पष्ट दिसते, बाकीचे धूसर राहते. कॅमेऱ्याला मुख्य व गौण असा विवेक नसतो. त्याला माणसाचा चेहरा आणि भिंतीवरील जाहिरात सारखीच महत्त्वाची असते.

रंग: छायाचित्रात सावल्या बहुधा तपकिरी वा काळपट येतात. प्रत्यक्षात उघड्यावरील सावलीत आकाशाचा निळेपणा आणि शेजारच्या वस्तूंवरून परावर्तित झालेला रंग मिसळलेला असतो. संत्र्याच्या झाडाखालच्या तांबूस मातीवरून उसळलेला उजेड फळांच्या खालच्या बाजूस उमटतो. छायाचित्रात तो क्वचितच आढळतो.

प्रत्यक्ष निरीक्षणातून काय साधता येते, याचे उदाहरण म्हणून सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र सांगता येते. ते म्हैसूर येथील जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. या चित्रासाठी त्यांची कन्या गीता हातात दिवा घेऊन उभी राहिली होती. ज्योतीसमोर धरलेल्या बोटांतून झिरपणारा लालसर उजेड, चेहऱ्यावर मंद होत गेलेला प्रकाश आणि भोवतालचा काळोख यांतील सूक्ष्म पायऱ्या हे या चित्राचे मर्म आहे.

रचनेची प्रक्रिया

रचनेचे टप्पे चित्रकारागणिक बदलतात. तथापि पुढील क्रम सर्वसाधारणपणे उपयुक्त मानला जातो.

हेतू निश्चित करणे

छायाचित्रातील नेमकी कोणती गोष्ट चित्रात आणावयाची आहे, हे एका वाक्यात लिहून काढणे ही पहिली पायरी होय. ‘बाजार’ हा केवळ विषय झाला. ‘ऊन चढण्यापूर्वी भाजी मांडण्याची लगबग’ हा हेतू झाला. पुढील प्रत्येक निर्णय, म्हणजे काय ठेवायचे, काय गाळायचे आणि काय सरकवायचे, या वाक्याच्या कसोटीवर घेता येतो.

चौकट ठरवणे

छायाचित्राचे आणि कागदाचे प्रमाण बहुधा सारखे नसते. जलरंगासाठी प्रचलित असलेला पूर्ण कागद २२ × ३० इंचांचा असतो. त्याचा चौथा भाग ११ × १५ इंचांचा होतो. मोबाइलचे छायाचित्र सामान्यतः ४:३ प्रमाणात, तर अनेक कॅमेऱ्यांचे ३:२ प्रमाणात असते. ३:२ प्रमाणातील आडवे छायाचित्र १५ इंच रुंदीवर बसवल्यास त्याची उंची १० इंच होते आणि कागदावर १ इंच पट्टी उरते. उलट, ११ इंच उंची पूर्ण भरावयाची तर रुंदी १६.५ इंच होते आणि बाजूंचा दीड इंच गाळावा लागतो. आकाश वा जमीन वाढवायची की बाजू कापायच्या, हा प्रश्न रंगकामापूर्वीच सोडवावा लागतो.

इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात कापलेल्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या छायाचित्रावर सरकवून निरनिराळ्या चौकटी तपासता येतात. आडवी, उभी व चौरस अशा तिन्ही चौकटी पाहिल्याखेरीज निर्णय करू नये, असा संकेत आहे. चौकटीच्या कडेवर अर्धवट तुटलेला चेहरा, बैल वा वाहन असल्यास दृष्टी चित्राबाहेर ओढली जाते.

लघुरेखाटने

काडेपेटीएवढ्या आकाराची चार-सहा कच्ची रेखाटने ही रचनेची खरी प्रयोगशाळा होय. एवढ्या लहान आकारात तपशील काढताच येत नाहीत. त्यामुळे मोठे आकार आणि त्यांचा परस्परांशी असलेला तोल यांवरच लक्ष राहते. प्रत्येक रेखाटनात एकच गोष्ट बदलावी: एकात क्षितिज वर, दुसऱ्यात खाली, एकात मुख्य आकृती डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. शेवटी सर्व रेखाटने हातभर अंतरावरून पाहून जे सर्वांत स्पष्ट वाचता येते ते निवडावे.

छायामूल्यांची योजना

निवडलेले लघुरेखाटन गडद, मध्यम व उजळ अशा तीनच छटांत भरले जाते. याहूनही सोपा प्रकार काळा व पांढरा अशा दोन छटांचा आहे. जपानी कलेतील ‘नोतान’ या संकल्पनेचा पाश्चात्त्य कलाशिक्षणात प्रसार अमेरिकन शिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांच्या १८९९ मधील रचनाविषयक पुस्तकाने झाला. तीन छटांत उभे न राहणारे चित्र रंगांनी सावरत नाही, असा चित्रकारांचा सार्वत्रिक अनुभव आहे. डोळे किलकिले करून छायाचित्र पाहिल्यास बारीक तपशील नाहीसे होतात आणि छायामूल्यांचे मोठे समूह दिसू लागतात. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच सर्वांत उजळ रंग असल्याने तो कोठे राखायचा, हे याच टप्प्यावर ठरवावे लागते.

केंद्रबिंदू आणि दृष्टिमार्ग

पाहणाऱ्याची दृष्टी जेथे स्थिरावी त्या स्थानास केंद्रबिंदू म्हणतात. चौकटीचे उभे व आडवे तीन समान भाग करून त्यांच्या छेदबिंदूंपैकी एकाजवळ केंद्रबिंदू ठेवण्याचा ‘तृतीयांशाचा नियम’ प्रसिद्ध आहे. या नावाचा उल्लेख इंग्लंडमधील जॉन टॉमस स्मिथ याच्या १७९७ मधील ग्रंथात आढळतो. हा केवळ ठोकताळा असून बंधन नव्हे. देवळाचा गाभारा किंवा समोरून पाहिलेली मूर्ती यांसारख्या विषयांत मध्यवर्ती, दोन्ही बाजूंनी सारखी रचना अधिक समर्पक ठरते. सर्वांत गडद व सर्वांत उजळ छटा जेथे एकमेकींना भिडतात तेथे दृष्टी आपोआप जाते. म्हणून हा भेद केंद्रबिंदूसाठी राखून ठेवतात. रस्ता, कुंपण, नदीकाठ, सावल्यांच्या रेषा यांचा उपयोग दृष्टीला केंद्रबिंदूपर्यंत नेण्यासाठी होतो.

वगळणे, सरकवणे, जोडणे

हेतूला पोषक नसलेले घटक वगळले जातात. एखादे झाड थोडे सरकवणे, दोन आकृतींतील अंतर कमी करणे वा एकसारख्या उंचीच्या घरांत उंचसखलपणा आणणे, हे बदल ग्राह्य मानले जातात. मात्र क्षितिजरेषेविषयी सावधगिरी आवश्यक असते. चौकट वरखाली सरकवून क्षितिजाचे स्थान बदलता येते, कारण त्यात वस्तूंचे आकार तेच राहतात. परंतु वस्तू जागेवर ठेवून केवळ क्षितिजरेषा वर वा खाली काढल्यास दृष्टिपातळी बदलते. मग छपरांच्या, रस्त्यांच्या व चाकांच्या रेषा नव्या लोपबिंदूकडे वळवून पुन्हा आखाव्या लागतात. तसे न केल्यास वस्तू जमिनीवर टेकलेल्या दिसत नाहीत.

दोन छायाचित्रे जोडताना प्रकाशाची दिशा, दृष्टिपातळी आणि आकृतींचे प्रमाण ही तिन्ही जुळली पाहिजेत. सकाळच्या छायाचित्रातील माणूस संध्याकाळच्या रस्त्यावर आणून ठेवल्यास दोघांच्या सावल्या परस्परविरुद्ध पडतात. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, सारख्या उंचीच्या माणसांना क्षितिजरेषा शरीराच्या एकाच भागावर छेदते, हा प्रमाण तपासण्याचा सोपा उपाय आहे.

रेखाटन उतरवणे

पक्की झालेली रचना मोठ्या कागदावर नेण्यासाठी चौकडी पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. ६ × ४ इंचांच्या रचनेवर १ इंचाचे २४ चौरस आखल्यास, १८ × १२ इंचांच्या कागदावर तेच २४ चौरस ३ इंचांचे होतात. लांबी तिप्पट झाली तरी क्षेत्र नऊपट होते. म्हणून छायाचित्रात भरगच्च वाटणारे आकाश मोठ्या कागदावर रिकामे वाटू शकते, हेही रचना करतानाच लक्षात घ्यावे लागते. चौकडी मूळ छायाचित्रावर न आखता निवडलेल्या लघुरेखाटनाशी जुळवून घेतलेल्या चौकटीवर आखणे योग्य. अन्यथा गाळलेले घटक पुन्हा चित्रात शिरतात.

उदाहरण: सावनेर परिसरातील कापसाची बंडी

नागपूर जिल्ह्यातील सावनेर हे कोलार नदीकाठचे तालुक्याचे गाव असून त्याच्या परिसरात कापूस व संत्रा ही महत्त्वाची पिके आहेत. पांढरा कापूस आणि काळी जमीन यांतील टोकाचा विरोध छायाचित्रकाराला अडचणीचा, पण चित्रकाराला उपकारक ठरतो. म्हणून या परिसरातील एक कल्पित छायाचित्र येथे उदाहरणादाखल घेतले आहे.

समजा, हिवाळ्यातील उतरत्या दुपारी रस्त्याने जाणाऱ्या, कापसाने भरलेल्या बंडीचे छायाचित्र मोबाइलवर टिपले आहे. क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्यावर आहे. हाकणाऱ्याच्या डोक्यामागून विजेचा खांब निघालेला दिसतो. उजव्या कडेला दुचाकीचे अर्धे चाक आले आहे. कापूस पांढराफटक असून त्यात उंचसखलपणा दिसत नाही. बैल सावलीत काळे पडले आहेत. हाकणाऱ्याचा चेहरा छायाचित्रात नखाएवढा असून लक्ष सर्वप्रथम जाते ते मागच्या दुकानाच्या रंगीत फलकाकडे.

हेतू असा ठरवला: पावसाळ्यात पेरलेले आणि महिनोन्‌महिने राखलेले पीक विकायला निघालेला शेतकरी. या वाक्यात दुचाकी, खांब आणि दुकानाचा फलक यांना स्थान नाही. ते वगळले जातात. पिकाचे ओझे आणि त्यापुढे बसलेला एकटा माणूस हे नाते महत्त्वाचे असल्याने चौकट आडवी ठेवून, वरच्या बाजूस आकाश वाढवून क्षितिज खालच्या तिसऱ्या भागावर आणले जाते. येथे वस्तूंचे आकार बदललेले नाहीत, केवळ चौकट सरकली आहे. म्हणून यथार्थदर्शन बिघडत नाही. बंडी मध्यापासून थोडी मागे घेऊन तिच्या पुढे रस्ता मोकळा सोडला जातो. पुढे जागा असली की गती जाणवते. बैलांची शिंगे चौकटीला टेकली की बंडी थांबल्यासारखी वाटते.

छायामूल्यांच्या योजनेत कापसाचा ढीग हा सर्वांत मोठा उजळ आकार, बैल, चाके आणि काळी जमीन मिळून एकसंध गडद आकार, तर आकाश मध्यम छटेचे ठरते. छायाचित्रात आकाश पांढरे असले तरी चित्रात ते मध्यम केल्यावाचून कापूस उजळ दिसत नाही. हा बदल छायाचित्राशी फारकत घेणारा असला तरी प्रत्यक्ष अनुभवाशी अधिक प्रामाणिक आहे. ढिगाच्या सूर्याकडील बाजूस कोरा कागद, तर विरुद्ध बाजूस फिकट निळसर-जांभळी सावली दिली की त्याला घनता येते. ही सावली छायाचित्रात नाही. ती प्रत्यक्ष कापूस पाहून मनात साठवलेली असावी लागते. हाकणाऱ्याचा गडद पाठमोरा खांदा उजळ कापसापुढे येताच तो नखाएवढा मनुष्य चित्राचा केंद्रबिंदू होतो.

मृत व्यक्तींची तैलचित्रे

शाळा, वाचनालये, नगरपालिका व घरांच्या बैठकीत लावण्यासाठी मृत व्यक्तींची तैलचित्रे करून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. अशा चित्रात व्यक्ती समोर बसवणे अशक्य असल्याने छायाचित्र हाच एकमेव आधार असतो. नाटककार व कवी राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे झाले. त्यांच्यासारख्या, त्या काळातील व्यक्तींची नंतर रंगवलेली चित्रे उपलब्ध असलेल्या मोजक्या छायाचित्रांवरच अवलंबून असतात.

या प्रकारात रचनेचे काही विशेष प्रश्न उद्भवतात. पुष्कळदा लग्नातील वा शाळेतील समूहचित्रात असलेला लहानसा चेहरा एवढाच संदर्भ असतो. तो मोठा केल्यावर डोळ्यांच्या जागी केवळ डाग उरतात. अशा वेळी त्याच व्यक्तीची अन्य वयातील छायाचित्रे आणि चेहरेपट्टी जुळणारे नातेवाईक यांचा आधार घेतला जातो. जुन्या स्टुडिओतील छायाचित्रांत व्यक्तीला स्थिर बसावे लागे. तो ताठरपणा तिचा स्वभाव नसून यंत्राची गरज होती, हे ओळखावे लागते. मान किंचित कलती ठेवण्याची सवय, टोपीची ढब, पदर घेण्याची पद्धत, चष्मा हाती धरण्याची लकब यांची चौकशी आप्तांकडे केल्यास रचनेला जिवंतपणा येतो. ‘चेहरा तोच, पण माणूस तो नव्हे’ अशी घरच्यांची तक्रार होते, तेव्हा दोष बहुधा सादृश्यात नसून बैठक, मानेचा कल व प्रकाश यांच्या योजनेत असतो. चेहरा एका छायाचित्रातून आणि पोशाख दुसऱ्यातून घेतल्यास दोन्हींवरील प्रकाश एकाच दिशेने येईल, याची खबरदारी घ्यावी लागते.

शालेय कलाशिक्षणातील स्थान

महाराष्ट्र राज्याच्या कला संचालनालयातर्फे शालेय विद्यार्थ्यांसाठी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. त्यांतील स्मरणचित्राच्या विषयात विद्यार्थ्याला दिलेला प्रसंग स्मरणाच्या व कल्पनेच्या आधारे रचावा लागतो. समोर छायाचित्र नसते. त्यामुळे घटकांची मांडणी, आकृतींचे प्रमाण आणि पुढचे-मागचे यांचा विचार अपरिहार्य ठरतो. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा, नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय आदी संस्थांतील पुढील शिक्षणात वस्तू, व्यक्ती व निसर्ग यांच्या प्रत्यक्ष अभ्यासाला पायाभूत मानले जाते.

मोबाइलमुळे छायाचित्र सहज उपलब्ध झाल्याने विद्यार्थी थेट पडद्यावरून चित्र उतरवू लागले आहेत. यावर सुचवला जाणारा एक अभ्यास असा: ज्या स्थळाचे छायाचित्र घ्यावयाचे तेथेच पाच मिनिटांचे कच्चे रेखाटन करावे, त्यावर उजेडाची दिशा बाणाने दाखवावी आणि दोन-तीन रंगांची नावे लिहावीत. घरी आल्यावर आधी रेखाटन पाहून लघुरेखाटने करावीत व तपशील अडेल तेथेच छायाचित्र उघडावे. दुसरा अभ्यास म्हणजे छायाचित्र दहा मिनिटे न्याहाळून बाजूला ठेवणे आणि स्मरणातून रचना करणे. स्मरणात राहते ते बहुधा महत्त्वाचे असते. विसरले जाते ते गाळण्याजोगे.

नेहमी आढळणारे दोष

छायाचित्र चांगले असले की चित्रही चांगले होईल असे गृहीत धरणे, हा सर्वांत मोठा दोष होय. परिपूर्ण छायाचित्रात चित्रकाराला करण्याजोगे फारसे उरत नाही. साध्या, पण स्वतः टिपलेल्या छायाचित्रातून अनेकदा अधिक चांगले चित्र घडते, कारण त्या जागेचा वारा, आवाज व उष्मा यांची स्मृती चित्रकाराजवळ असते. याखेरीज सावल्या छायाचित्राप्रमाणे काळ्या रंगवणे, पार्श्वभूमीतील प्रत्येक पान व खिडकी काढणे, क्षितिज नकळत मध्यावर ठेवणे, वेगवेगळ्या प्रकाशातील छायाचित्रे जोडणे आणि लघुरेखाटने टाळून थेट मोठ्या कागदावर आरंभ करणे हे दोष वारंवार दिसतात.

प्रताधिकार आणि संकेत

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र ही कलात्मक कृती आहे. २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राच्या प्रताधिकाराची मुदत अन्य कलाकृतींप्रमाणेच कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अशी झाली आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या छायाचित्रावरून ओळखू येईल असे चित्र करून ते प्रसिद्ध करण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी परवानगी घेणे आवश्यक ठरते. वास्तूचे, तसेच सार्वजनिक ठिकाणी कायम उभारलेल्या शिल्पाचे चित्र काढण्यास कायद्याने मुभा दिली आहे. मुक्त परवान्याखालील छायाचित्रे परवान्याच्या अटी पाळून वापरता येतात.

अमेरिकेत शेपर्ड फेअरी याने २००८ मध्ये बराक ओबामा यांचे गाजलेले भित्तिपत्रक एका वृत्तसंस्थेच्या छायाचित्रावरून केले होते. त्यावरून झालेला वाद न्यायालयात गेला व २०११ मध्ये तडजोडीने मिटला. कायद्यापलीकडे काही संकेतही पाळले जातात: प्रदर्शनात वा स्पर्धेत दुसऱ्याच्या छायाचित्राचा आधार घेतला असल्यास तसे नमूद करणे, आणि ज्या व्यक्तीचे छायाचित्र टिपायचे तिची संमती घेणे.

मतभेद

छायाचित्राच्या वापराविषयी चित्रकारांत दोन मते आहेत. एका मतानुसार छायाचित्रावर विसंबल्याने निरीक्षण व रेखांकन दुबळे होते आणि चित्रात भिंगाचे दोष उतरतात. दुसऱ्या मतानुसार धावता बैल, रडते मूल, मावळतीचा क्षणिक उजेड किंवा हयात नसलेली व्यक्ती यांच्यासाठी छायाचित्रावाचून गत्यंतर नसते, आणि साधन कोणते यापेक्षा निर्णय कोणी घेतला हे महत्त्वाचे असते. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २००१ मधील पुस्तकात जुन्या युरोपीय चित्रकारांनीही भिंगे व आरसे वापरल्याचा सिद्धान्त मांडला. त्यावर कला-इतिहासकारांत व शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. प्रत्यक्ष निरीक्षणाचा सराव असलेल्या चित्रकारालाच छायाचित्राचा योग्य उपयोग करता येतो, याविषयी मात्र दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नाही.

हेही पाहा

चित्रकला
यथार्थदर्शन
व्यक्तिचित्रण
छायाचित्रण
राजा रविवर्मा
सावळाराम लक्ष्मण हळदणकर
राम गणेश गडकरी
सावनेर